हळद लग्नापुरती, उटणं दिवाळीपुरतं

आमच्या कोल्हापुरात पुरुषानं अंगाची काळजी घेतली तर कुणाला खटकत नाही, फक्त तिला काहीतरी कारण पाहिजे. लग्न ठरलं की नवऱ्या मुलाला अख्खं घर हळद लावतं, मावश्या, चुलत्या, करवल्या, तोंडाला मानेला पायाला जिथं हात पोचेल तिथं, आणि ज्यानं उभ्या आयुष्यात तोंडाला पावडर लावली नाही तो गडी पाटावर बसून गपगुमान लावून घेतो. दिवाळीत पहिल्या अंघोळीला आई तेल-उटणं लावते, पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि हाच माणूस एरवी एखाद्या सकाळी बेसिनपुढं उभा राहून तोंडाला क्रीम चोळताना दिसला की घरातलंच कुणीतरी बोलणार, "काय रं, पोरगी बघायला निघालायस व्हय?" म्हणजे परत कारणच शोधायचं. कातडी कोरडी पडलीय, बरं वाटतंय म्हणून लावतोय, एवढं पुरत नाही.

यावर लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण घरात भाच्याचं जे झालं त्यानंतर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. ते सांगतोच, पण आधी तालमीबद्दल बोलू दे, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथं सुटतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कोल्हापूरचा पैलवान म्हणजे मातीत लोळणारा गडी, त्याचा आणि अंग जपण्याचा काय संबंध. पहाटे तालीम आतनं बघितलेल्या कुणालाही विचारा. माझं लहानपण पेठेत गेलं, घरातली मोठी माणसं तालमीत जायची त्यामुळं कडेला बसून बघायची मुभा होती. हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातली, ती लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असायची, दाराशी आलं की आधी तिचा वास यायचा. जोर-बैठका, लढती झाल्या की एक जण पालथा पडायचा आणि दुसरा त्याच्या पाठीवर पाय देऊन रगडायचा, मग खाली बसून हातानं, खांद्यापासून मनगटापर्यंत, एकेक बोट ओढून, तेल पार मुरेपर्यंत. मग दुसऱ्याची पाळी. नखं वाढलेली दिसली तर वस्ताद हौद्यात उतरू द्यायचे नाहीत, कारण नखानं समोरच्याचं अंग फाटतं आणि एकाचा नायटा बघता बघता सगळ्या तालमीला होतो. लंगोट रोज धुवायचा, उन्हात वाळवायचा, दुसऱ्याचा घालायचा नाही. मॅटवरच्या कुस्तीत तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे की नखं कापलेली पाहिजेत आणि दाढी एकतर गुळगुळीत केलेली नाहीतर चांगली वाढलेली पाहिजे, मधली टोचणारी खुंटं चालत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, तेव्हापासून तिथं उतरलेला एकेक पैलवान असा घासूनपुसून, तेल मुरवून, नखं काढून तयार झालेला होता. त्यांना कोण बायकी म्हणालं होतं का?

कारण होतं ना, कुस्तीचं. पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी मोठं वाटतं. हे सगळं चारचौघांत चालायचं आणि बघायला जाणता माणूस तिथं हजर असायचा. पोराच्या मांडीवर चट्टा उठला तर तो वस्तादाला दिसायचा, पोरालाही तो लपवावा असं वाटायचं नाही.

आता दुसरी बाजू सांगतो, जिथं काळजी घ्यायला कारण होतं तरी कुणी घेतली नाही. मी उद्यमनगरात कामाला आहे, मशीनशॉपमध्ये. लेथवर दिवसभर कूलंटमध्ये, म्हणजे कापताना तापू नये म्हणून सोडतात त्या पातळ द्रवात, हात भिजतात, त्यात ऑइल, बारीक चिपा, आणि सुट्टी झाली की हात साफ करायचे रॉकेलनं नाहीतर कपड्याच्या पावडरीत लाकडाचा भुसा कालवून घासघासून. कॉटन वेस्टनं पुसले की झालं. रॉकेल आणि कपड्याची पावडर कातडीतलं होतं नव्हतं तेवढं तेल काढून घेते आणि कूलंटनं तर अनेकांना इसब उठतं. थंडीत आमच्या एका जुन्या फिटरच्या बोटांना अशा भेगा पडायच्या की मूठ वळायची नाही. डबा खायला बसलो आणि घरनं तांबडा रस्सा आला असला की तिखट भेगेत शिरायचं, माणूस हात झटकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि परत तोच हात रश्श्यात. त्यांना मी म्हटलं होतं, मामा, व्हॅसलिन तरी लावा रात्री. तर म्हणाले, "कामाचं हात हायत, असंच असायचं." आता एक नवीन पोरगा आलाय सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, त्यानं पहिल्याच आठवड्यात लॉकरशेजारी हँडवॉश आणि लोशनची पंपवाली बाटली आणून ठेवली. दोनचार दिवस सगळ्यांनी चेष्टा केली, त्यानं कुणाला उत्तर दिलं नाही, गुमान लावत राहिला. मग एकदा मधल्या सुट्टीत हे फिटर मामा स्वतः उठून बाटलीपाशी गेले, बोटांच्या पेरांमध्ये लोशन जिरवत उभे राहिले, आणि कुणी हसलं नाही. आता बाटली संपली की वर्गणी काढून आणतात. मला त्या पोराचं फार कौतुक वाटतं. लहान वयात एवढं निवांत राहणं सोपं नाही.

मिशीबद्दल पण बोललं पाहिजे. आमच्याकडं जुन्या लोकांत मिशी काढलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न, घरात काही दुःखद झालं का. वडील गेले की डोकं आणि मिशी उतरवायची, त्यामुळं मिशी नसणं म्हणजे सुतक. मी पहिल्यांदा मिशी काढली तेव्हा आजी कितीतरी दिवस माझ्या तोंडाकडं बघायची नाही, तुझा बाप जिता हाय रं, म्हणायची. तिचं वाईट वाटणं खरं होतं आणि तिला खोटं ठरवायची माझी इच्छा नाही. पण आता तिचीच पतवंडं, एक क्लीनशेव, एकाची छातीपर्यंत दाढी, एकाच्या कानावर फेड मारून रेघ काढलेली. पेठांतल्या ज्या तालमींची नावं पूर्वी पैलवानांमुळं गाजायची त्याच तालमींचे आता फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की एकेकाची हेअरस्टाईल बघत बसावी. मला त्यात काही गैर दिसत नाही, उलट बघायला लय भारी वाटतं.

आणि ज्याच्या हातात आपण हे सगळं सोपवतो त्या माणसाचं स्थान काय? बलुतेदारीत न्हाव्याला वर्षाकाठी धान्य मिळायचं, मान किती मिळायचा ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पन्हाळ्यावर शिवा काशीद यांचा पुतळा आहे, समाधी आहे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना शिवाजी महाराजांचा वेश करून पालखीत बसले ते शिवा काशीद, पकडले जाणार आणि मारले जाणार हे ठाऊक असून बसले, आणि ते नाभिक होते. ज्या जिल्ह्यात हा माणूस होऊन गेला तिथं मर्दपणाची व्याख्या करताना लोकांना वस्तरा आणि आरसा हलका कसा वाटतो, मला खरंच कळत नाही.

आता भाच्याचं. बहिणीचा मुलगा, कॉलेजला आहे, फुटबॉल खेळतो. दुपारच्या उन्हात प्रॅक्टिस करून काळवंडला होता, आणि लग्नकार्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच बोलायचा, अरे किती काळा पडलास. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं, पण पोराच्या डोक्यात बसलं. काही महिन्यांनी तो एकदम उजळ दिसायला लागला, सगळ्यांनी परत कौतुक केलं, आणि त्यानंतर गाल लाल व्हायला लागले. उन्हात गेला की आग आग, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर फोड. बहिणीला वाटलं ऊन बाधलं. शेवटी तिला त्याच्या शिनपॅडच्या पिशवीत एक ट्यूब सापडली आणि तिनं मला फोन केला, दादा, तू बोल त्याच्याशी.

त्याला विचारलं, कुणी दिली? म्हणाला, मित्र लावतो, मेडिकलमधनं आणली. चिठ्ठी? नाही. मग घरात कुणाला विचारलं का नाहीस, म्हटल्यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यातनं जात नाही. "काय विचारू मामा? काळा पडलोय म्हणून क्रीम लावतोय, असं सांगू? हसली असती की सगळी."

ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. ही मलमं इसबासारख्या आजारांसाठी डॉक्टर थोड्या दिवसांकरता देतात आणि तिथं ती कामाची आहेत. पण गोरं व्हायला रोज तोंडाला लावली की आधी कातडी उजळल्यासारखी दिसते, मग पातळ होत जाते, शिरा दिसतात, फोड येतात, आणि लावायची थांबवली की तोंड भडकतं म्हणून माणूस परत लावतो. २०१८ साली सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, पण मागितली की मिळतात हे आपण सगळे बघतो.

२००५ मध्ये पुरुषांसाठीची पहिली मोठी गोरेपणाची क्रीम आली, फेअर अँड हँडसम, तेव्हाच्या जाहिरातीत पोरगा बायकांची क्रीम चोरून लावताना दाखवायचे. म्हणजे पोरं चोरून लावतात हे कंपन्यांना वीस वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि आपल्याला अजून घरात कळत नाही. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, पाहुण्यांची बोलणी मात्र आहे तीच आहेत. रंग बदलायला निघालेला मुलगा आणि भेगा पडलेल्या हाताला लोशन लावणारा मुलगा, हे दोघं मला एक वाटत नाहीत. पहिल्याला आपण दुखावलेलं असतं. पण आपण दोघांनाही सारखंच हसतो, त्यामुळं पहिला पिशवीत ट्यूब लपवतो आणि दुसरा भेगा घेऊन जगतो.

दाढीचं पण तसंच चाललंय. दाट दाढी येत नाही म्हणून पोरं मिनॉक्सिडिल आणून गालाला लावतात, ते मुळात रक्तदाबाच्या गोळीतलं औषध, त्यानं केस वाढतात हे नंतर ध्यानात आलं म्हणून टकलासाठी वापरायला लागले, गालासाठी ते मंजूर नाही. आणि दाढी विरळ असण्याचा आणि पौरुष कमी असण्याचा काही संबंध नसतो, बहुतेक ते आई-बापाकडनं येतं. ज्या हार्मोनमुळं गालावर दाढी वाढते त्याच हार्मोनमुळं कित्येकांचं डोक्यावरचं रान विरळ होतं. म्हणजे टक्कल पडलेल्या माणसाला कमी लेखणारे आणि दाढीवाल्याला मर्द म्हणणारे लोक एकाच गोष्टीला दोन वेगळे न्याय देतात. हे एवढं जरी दहावीच्या पोरांना कुणी वर्गात सांगितलं तरी किती जणांचा जीव हलका होईल.

भाच्याला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं, औषधं चालू आहेत, वेळ लागणार आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तोंडाला सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि हे सगळं आता बेसिनवर उघडं ठेवलेलं असतं. बहिणीनं पाहुण्यांना रंगावरनं काही बोलू द्यायचं नाही असं ठरवलंय आणि एकदा सख्ख्या चुलत सासूला तोंडावर सांगितलं सुद्धा, त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला. भावजींनी पण तेच सनस्क्रीन लावायला सुरुवात केलीय, ते रोज मोटरसायकलवर शिरोली एमआयडीसीला जातात.

तुमच्या घरात वयात आलेला मुलगा असेल तर त्याच्याशी बोला, आधी ओरडू नका. सलूनमध्ये दाढी करताना नवीन ब्लेड तुमच्यासमोर घालायला सांगा, एकाचं ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो, चांगला कारागीर याचा राग मानत नाही. तुरटीचा खडा पण सगळ्यांच्या तोंडावरनं फिरलेला नको. आणि तोंडाला लावायच्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन या स्टिरॉइडांपैकी काही लिहिलेलं दिसलं आणि ती डॉक्टरनं दिलेली नसेल तर ती मुलाच्या हातातनं हिसकावून फेकू नका. एकदम बंद केली की तोंड भडकतं. त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडं घेऊन जा आणि जाताना ट्यूब बरोबर न्या, कधीपासून लावतोय ते त्याला स्वतःला सांगू द्या.