शेंडा कुठून खुडतेस?

२ जून

कढीपत्त्याचं रोप आणून दोन वर्षं झाली, आणि अजून ते माझ्या वितीच्या वर गेलेलं नाही. सात-आठ पानं, त्यातलीही निम्मी पिवळट. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग फिका. पोह्यांच्या फोडणीला पानं तोडायला गेले आणि हात मागे घेतला. शेवटी मंडईतल्या मावशींनी कोथिंबिरीबरोबर दिलेली काडी वापरली.

बाल्कनी पूर्वेची, चौथा मजला. सकाळी अकरापर्यंत छान ऊन असतं. तुळस वाढते, गवती चहा तर आवरत नाही. मग यालाच काय होतंय? आता मात्र विचारायचंच ठरवलं. जो भेटेल त्याला.

९ जून

आठवडाभर विचारत होते. माझा प्रश्न एकच: "माझा कढीपत्ता वाढत नाही, काय करू?"

तीनशे दोनच्या काकू म्हणाल्या, आंबट ताक घाल, पातळ करून. त्यांच्या आईकडे परसात झाड होतं आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी रोज त्याच्या बुंध्याशी जायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, मातीत गंजके खिळे पुर, लोह मिळतं. नर्सरीतले दादा म्हणाले, गांडूळखत घ्या, ताई. दिराने सांगितलं, पाणी कमी पडतंय. सासूबाईंनी सांगितलं, पाणी जास्त होतंय.

मी सगळंच केलं. ताक घातलं, खिळे पुरले, खत घातलं. पाणी एक दिवस जास्त, एक दिवस कमी. आज कुंडीला आंबूस वास येतोय, मातीवर चिलटं घोंगावताहेत आणि दोन पानं गळून खाली पडली आहेत. आता यातलं काही बाधलं असेल तर ते कोणतं, आणि उद्या रोप सुधारलं तर कशाने, हे कळायला काही मार्गच उरला नाही. याचं मला फार वाईट वाटलं. सांगणाऱ्यांपैकी कुणाचीच चूक नव्हती. ताकाचा आंबटपणा मातीला थोडा मानवतोही. आमचं बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा क्षारांच्या मातीत लोह असूनही रोपाला घेता येत नाही आणि मग कोवळी पानं अशी पिवळी पडतात, शिरा हिरव्या ठेवून. म्हणजे काकूंच्या सांगण्यात तथ्य होतं. खिळ्यांचा मात्र उपयोग नव्हता, कारण गंजातलं लोह अशा मातीत विरघळतच नाही. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

११ जून

सांगलीच्या मावशीला फोन केला, तो खरं तर तिच्या गुडघ्याची चौकशी करायला. बोलता बोलता कढीपत्त्याचा विषय निघाला. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत राहिले. तिने उत्तर दिलंच नाही. तिनेच विचारलं,

"पानं कशी तोडतेस गं?"

मी म्हटलं, लागतील तशी. एकेक.

"एकेक म्हंजे? काडी तशीच ठेवून?"

"हो. काडीला पुन्हा पानं येतील म्हणून."

"न्हाई येत. ती काडी वाळून जाती. आणि शेंडा? शेंडा कुठून खुडतेस?"

शेंड्याला मी दोन वर्षांत हातच लावला नव्हता. तोच तर वाढायचाय, असं मला वाटायचं. मावशी म्हणाली, शेंडा खुडला की बगलेतून दोन फुटतात, त्या दोनाचे चार होतात, तेव्हा कुठं झाड भरतं. मग पुढचे प्रश्न. कुंडी किती मोठी? खालच्या भोकातून पाणी निघतं का? बोट घालून बघितलंस का, दुसऱ्या पेरापर्यंत ओल आहे का? रोप आणलं त्याच पिशवीतल्या मातीत आहे का अजून?

एकाही प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहते, दोन वर्षं, आणि भोकातून पाणी निघतं का हे मला ठाऊक नव्हतं.

"आधी बघ जा," मावशी म्हणाली, "मग फोन कर."

१६ जून

पहिला चांगला पाऊस झाला. आज कुंडी रिकामी केली.

सहा इंचांची कुंडी. रोप मातीसकट एका ढेकळातच बाहेर आलं, कुंडीच्या आकाराचंच. मुळं कडेकडेने गोल फिरून एकमेकांत अडकली होती आणि एक जाड मूळ खालच्या भोकात शिरून बुचासारखं बसलं होतं. म्हणजे पाणी खाली तुंबत होतं आणि वरून कोरडं दिसत होतं. दीर आणि सासूबाई, दोघांचंही एकाच वेळी खरं होतं.

बारा इंचांची कुंडी आणली. लाल माती, शेणखत, मूठभर वाळू. मुळं बोटांनी हलकेच मोकळी केली, वाळक्या काड्या बुंध्यापासून काढल्या. मग कात्री घेऊन शेंड्यापाशी थांबले. वर दोन कोवळी, पोपटी पानं होती. ती कापायचा धीर होईना, पण कापली. मावशीला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "आता म्हैनाभर त्याला त्रास देऊ नको."

२० जुलै

तीन फुटवे! बगलेतूनच, अगदी ती म्हणाली होती तसे. दोन खाली, एक वर. पान चोळून वास घेतला. मंडईतल्या कढीपत्त्यापेक्षा हा वास खूप तिखट आहे, हाताला दुपारपर्यंत राहिला.

४ ऑगस्ट

कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं. पुसायला गेले तर ती हलली. काळपट अंगावर पांढरा पट्टा असलेल्या, नखाएवढ्या अळ्या. तीन. आणि एका फुटव्याचा शेंडा गायब.

या वेळी लगेच विचारत सुटले नाही. आधी बघितलं. किती आहेत, कुठल्या पानावर, काय खातात, कोवळं की जून. पानाच्या कडेला एक पिवळसर, मोहरीहून लहान गोल अंडंही सापडलं. काडीने एका अळीला हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. हे सगळं वहीत लिहिलं, फोटो काढले आणि मग खाली राहणाऱ्या सरांकडे गेले. ते प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत.

सरांनी फोटो बराच वेळ पाहिले. म्हणाले, कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं यावरही येतात. ही बहुधा कॉमन मॉर्मनची अळी. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला ब्लू मॉर्मन याच घराण्यातला. विष्ठेसारखं दिसणं हे लहानपणीचं सोंग, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होईल, पानात दिसणारही नाही. कॉमन मॉर्मनच्या माद्यांची तर तीन-तीन रूपं असतात, त्यातली दोन दुसऱ्याच, पक्ष्यांना न आवडणाऱ्या फुलपाखरांसारखी. सर बोलत होते आणि मी अळ्या घालवायचा उपाय विचारायला आले होते, हे मला आठवेनासं झालं.

मग विचारलंच. मारायच्या नसतील तर काय करू? माझ्याकडे पानं सगळी मिळून चौदा आहेत.

सर म्हणाले, "आपण ज्याला काडी म्हणतो ना, ती अख्खी काडी म्हणजे एक पान. तुमच्याकडे चौदा पानं आहेत की चौदा काड्या?"

चौदा काड्या. म्हणजे एक अळी पोसली जाईल, तीन नाही. विकतचा कढीपत्ता घालू नका, त्यावर फवारणी असते, असंही त्यांनी बजावलं. दुसरं कढीपत्त्याचंच झाड शोधा, आणि अळी हाताने उचलू नका, पानासकट न्या.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कडुनिंबाचं तेल फवार आणि मोकळी हो. एरवी मीही तेच केलं असतं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना फोडणीला पानं हवी आहेत आणि मलाही हवी आहेत.

५ ऑगस्ट

शेजारच्या सोसायटीच्या फाटकापाशी कढीपत्त्याचं झाड आहे, पार पहिल्या मजल्यापर्यंत गेलेलं. वॉचमनकाकांना विचारलं, तुमच्या झाडावर दोन अळ्या सोडू का? त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सोडा की. हितं लई येतात. पाऊस पडला का रोजच."

पानांसकट दोघींना वरच्या फांदीत अडकवलं. एक माझ्याकडे राहिली. अंडंही राहिलं होतं, ते नंतर काळं पडलं.

१७ ऑगस्ट

अळी बोटभर लांब आणि हिरवी झाली. अंगावर तपकिरी तिरके पट्टे. चौदापैकी सहा काड्या तिने संपवल्या. आठ आहेत, आणि नवीन तीन येताहेत. मावशीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "खाऊ दे. तुला तरी येवढी कुठं लागत्यात."

काल दुपारी अळी झाडावरून उतरली. घाबरून सरांना फोन केला. ते म्हणाले, जागा शोधतेय, आता हात लावू नका. रात्री पाहिलं तर ती कपड्यांच्या दोरीच्या टोकाशी, खिळ्याजवळ थांबली होती. आज सकाळी तिथे कोष आहे. अंगाभोवती एक बारीक धागा घेऊन ती त्या धाग्याला पाठ टेकल्यासारखी रेललेली आहे.

सरांच्या मते दहा-बारा दिवस. तोवर कपडे आतल्या खोलीत पंख्याखाली वाळताहेत.