काजवे की भरलेला तलाव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "आईबाबा, मुलं, सगळे मिळून भंडारदऱ्याला जायचंय, कधी जाऊ?" उन्हाळा आला की ओळखीपाळखीतून हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला काजवेही हवे असतात आणि काठोकाठ भरलेला तलावही. दोन्ही एका फेरीत होत नाही.

कारण हा तलाव आधी धरणाचा आहे, मग आपल्या सहलीचा. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, ते खालच्या शेतीसाठी. उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलेलं कालव्याचं पाणी, सुटत जातात, पाणी उतरतं आणि मे अखेरीस काठाला नुसता भेगाळलेला गाळ. काजवे चमकतात ते नेमके तेव्हा, वळवाच्या सरींपासून पाऊस जोर धरेपर्यंत. धरण भरतं बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला.

घरची वडीलधारी सोबत असतील तर माझं उत्तर ठरलेलं आहे: सप्टेंबरचा शेवट. पाऊस ओसरलेला, तलाव भरलेला, पठारांवर सोनकी पिवळीधमक. हॉटेलच्या गच्चीवरून पाणी बघत बसू नका, तलावाला फेरी मारा. धरणाजवळच्या शेंडी गावाहून मुतखेलमार्गे रतनवाडी, पुढे साम्रद, घाटघर आणि उडदावण्यावरून परत. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण दिवस द्या.

रतनवाडीत सगळ्यात जास्त वेळ काढा. अमृतेश्वराचं मंदिर काळ्या दगडातलं, शिखरापर्यंत कोरलेलं. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे आहेत, त्यांत मूर्ती. आजीला पायऱ्या उतरायच्या नसतील तर काठावरूनही नीट दिसतं. मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. गावात आधी सांगून ठेवलं तर तांदळाची भाकरी नि पिठलं मिळतं. हॉटेलातल्या पनीरपेक्षा केव्हाही बरं.

घाटघरला कोकणकड्यावरून खाली ठाणे जिल्हा दिसतो. मुलांना तिथला वीजप्रकल्प समजावून सांगा: विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात, २५० मेगावॉट. "मग फायदा काय?" असं मुलं विचारतातच. उत्तर तयार ठेवा! सांदण दरी मात्र या फेरीत नको, ती दगडांवरून उड्या मारणाऱ्यांची. रंधा धबधबा शेंडीपासून जवळच. परतीच्या दिवशी उरकतो.

आता काजवे. मुलांनी हट्टच धरला तर जूनच्या सुरुवातीला वेगळे या, आणि शनिवार-रविवार टाळून. सुट्टीच्या रात्री घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि हेडलाइटच्या झोतात काजवे कसले दिसतायत! तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. आपला उजेड पडला की ते बिनसतं. अळ्या जमिनीत, पाचोळ्यात वाढतात, म्हणून झाडाखाली गाडी घालायची नाही. सादडा, हिरडा, बेहडा अशा झाडांपासून लांब उभं राहायचं, बॅटरी आणि मोबाईल बंद. गावातल्या एखाद्या वाटाड्याला सोबत घ्या. कुठलं झाड आज पेटलंय ते त्यालाच माहीत असतं.