तिला तो माळी वाटला

आई गेली तरी तिचा नंबर मी अजून डिलीट केलेला नाही, हात धजतच नाही. लोक भेटायला यायचे, ती आता सुटली म्हणायचे, आणि मला खरं सांगू का, रागच यायचा. मला ती सुटायला नको होती, परत हवी होती, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारी, तीच.

मग एकदा रात्री झोप येईना म्हणून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय उघडला. येशूची शिष्या मग्दालीया मरीया त्याच्या कबरेपाशी रडतेय, मेलेल्यातून उठलेला येशू समोरच उभा आहे, आणि बाईला वाटतं हा माळी! ओळखते कधी, तर तो फक्त "मरीये" म्हणतो तेव्हा. किती वेळा वाचलं असेल हे आधी, पण त्या रात्री एकदम आईची हाक आठवली आणि रडूच फुटलं, पण वेगळंच रडू, हलकं करणारं.

आणि उठलेला येशू काही भूतबीत नाहीये हं. दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. थोमा या शिष्याला दाखवलेल्या क्रुसावरच्या जखमाही तशाच. म्हणजे माणूस पुसला जात नाही, तोच उठतो, नवा होऊन. प्रेषित पौल म्हणतो मेलेल्यातून उठलेला ख्रिस्त हे प्रथमफळ, पिकाचं पहिलं फळ, म्हणजे बाकीचं पीक अजून यायचंय, आणि त्यात माझी आई पण आली की!

आठवण येते अजून, रोज येते. पण परवा तिचा जुना व्हॉइस मेसेज लावला आणि चक्क हसले.