रारोटोंगाची एक मॅच लावून दाखवा

मला एक खोड आहे. मॅच बघण्यापेक्षा मॅचचं वेळापत्रक बघण्यात मला जास्त मजा येते. कोण कुठे खेळणार, मधे किती दिवस आहेत, इथून तिथे जाणार कसे, असलं सगळं. घरचे म्हणतात ह्याला फुटबॉल नाही, टाइमटेबल आवडतं, आणि ते अगदीच खोटं नाहीये. तर मागे एका सुट्टीच्या दिवशी उगाच स्वतःलाच चॅलेंज दिलं की ब्राझील-जर्मनीच्या मॅचेस कोणीही लावेल राव, त्यांच्याशी खेळायला सगळं जग तयार असतं, आपण कुक आयलंड्सचं एक वर्ष लावून बघू. दुपारी एक्सेल उघडून बसलो ते दिवेलागणीला डोकं धरूनच उठलो.

कुक आयलंड्स म्हणजे पॅसिफिक महासागराच्या मधोमध सांडलेली पंधरा बेटं. मुख्य बेट रारोटोंगा. देशाची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे मोठ्या स्टेडियमचा एक स्टँडसुद्धा भरणार नाही. पण फिफाचे रीतसर मेंबर आहेत, ओशनिया फुटबॉल कॉन्फेडरेशनच्या, म्हणजे त्या भागातल्या देशांच्या फुटबॉल संघटनेच्या, अकरा पूर्ण मेंबरांपैकी एक. आणि सगळ्यात जवळचा मोठा शेजारी कोण, तर न्यूझीलंड, साधारण तीन हजार किलोमीटरवर. ह्याला शेजारी म्हणायचं का हा प्रश्न आहेच.

पहिली गोष्ट घेतली फिफाची विंडो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर्षातले काही ठरावीक दिवस नॅशनल टीम्ससाठी राखून ठेवलेले असतात, त्या दिवसांत क्लबला आपले प्लेअर सोडावेच लागतात. इतकी वर्षं मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा पाच विंडो होत्या. सोमवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी संपणारी, नऊ दिवसांची, आणि त्यात जास्तीत जास्त दोन मॅच. युरोपात नऊ दिवस म्हणजे चैन. गुरुवारी एक मॅच, रविवारी दुसरी, बुधवारी पोरं परत क्लबमध्ये ट्रेनिंगला हजर.

आता हेच रारोटोंगाला लावा. समजा समोरची टीम आहे सामोआ. नकाशावर रारोटोंगा ते सामोआची राजधानी आपिया अशी सरळ रेघ मारली तर दीड हजार किलोमीटरच्या आसपास भरते, म्हटलं हे सोपंय. पण रेघेवरून विमान जायला पाहिजे ना. नेहमीचा रस्ता म्हणजे आधी चार तास उडून ऑकलंडला खाली यायचं, तिथे विमान बदलायचं आणि परत चारेक तास वर आपियाला जायचं, झाले सहा हजार किलोमीटर. दीड हजाराच्या जागी सहा हजार!! आणि तेही विमानाचे वार जुळले तर, नाही जुळले तर मधे ऑकलंडला मुक्काम, पंचवीस माणसांचं हॉटेल, जेवणखाण, सगळं आलं.

त्यात तारीख. मला वाटलं माझं एक्सेल गंडलंय. कुक आयलंड्स आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या ह्या बाजूला आणि सामोआ त्या बाजूला. सामोआ पूर्वी ह्याच बाजूला होता, पण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी धंदा करायला सोपं जावं म्हणून २०११ च्या शेवटी त्यांनी उडी मारली, ३० डिसेंबर हा दिवस त्यांच्या कॅलेंडरमध्ये आलाच नाही. त्यामुळे आज सामोआ आणि अमेरिकन सामोआ, जे एकमेकांपासून सव्वाशे किलोमीटरवर आहेत, त्यांच्या घड्याळात एकच वेळ पण तारीख वेगळी. म्हणजे एकाची शनिवारची मॅच दुसऱ्याच्या घरी शुक्रवारी. कुक आयलंड्सची टीम सामोआला निघाली की एक आख्खा दिवस हवेतच गिळला जातो, येताना तो परत मिळतो खरा, पण येताना मिळून काय उपयोग, मॅच तर होऊन गेलेली असते.

बरं, टोंगाला बोलवू किंवा टोंगाला जाऊ म्हटलं. तिथे रविवारी खेळ नाही. गंमत नाही करत, टोंगाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की रविवार पवित्र, त्या दिवशी धंदा नाही आणि खेळही नाही. नऊ दिवसांतला एक गेला. प्रवासाचे जाऊन-येऊन चार धरा. उरलेल्या चार दिवसांत दोन मॅच, मधे विश्रांती आणि निदान एक तरी सराव, करा हिशोब.

आणि सराव कुणाचा, हा पुढचा गोंधळ. ही टीम रारोटोंगावर राहतेच असं नाही. कुक आयलंड्सच्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व असतं, आणि बेटांवर जितके लोक आहेत त्याच्या कितीतरी पट न्यूझीलंडमध्ये राहतात, बरेचसे ऑस्ट्रेलियात पण. म्हणजे टीम गोळा करायची तर अर्धी पोरं बेटावरून येणार, बाकीची ऑकलंड, सिडनी असं कुठून कुठून. आणि यातले बहुतेक काही पगारी फुटबॉलर नाहीत, नोकरी करून खेळणारे आहेत. इथे मला विंडोच्या नियमाची गंमत कळली. फिफाचा नियम क्लबला बांधतो, ऑफिसातल्या साहेबाला नाही बांधत! नॅशनल टीमसाठी नऊ दिवस पाहिजेत म्हणून साहेबासमोर उभं राहायचं, आणि साहेबाला देश कुठे आहे हे सांगण्यापासून सुरुवात करायची. आता २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरची विंडो एकत्र करून सोळा दिवसांची केलीय, त्यात चार मॅच खेळता येतात. युरोपातल्या प्लेअर्ससाठी उत्तम, एकदाच प्रवास. बेटावरच्यांसाठीसुद्धा कागदावर उत्तमच, एका तिकिटात चार मॅच, पण सोळा दिवसांची रजा कोण देतो हो?

अजून एक, ज्याच्याकडे माझं आधी लक्षच गेलं नव्हतं. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मार्च आणि नोव्हेंबरच्या विंडो बरोब्बर त्यात बसतात. मी त्या दोन कॉलमना पिवळा रंग दिला. मग उरलं काय? जून, आणि ती मोठी सप्टेंबरवाली.

मग म्हटलं जाऊ दे, ओशनियाबाहेर बघू, एक मॅच घराजवळ आणि एक दुसऱ्या खंडातल्या टीमशी. तर तिथेही नियम आहे, आणि मला तो वाचून हसूच आलं. एका विंडोतल्या दोन मॅच दोन वेगवेगळ्या कॉन्फेडरेशनच्या हद्दीत खेळायच्या असतील तर निदान एक फ्रेंडली, म्हणजे कुठल्या स्पर्धेबाहेरची मैत्रीपूर्ण मॅच पाहिजे, दोन मैदानांमधलं अंतर विमानाने पाच तासांपेक्षा जास्त नको आणि दोनपेक्षा जास्त टाइमझोनचा फरक नको. नियम चुकीचा नाही, प्लेअर्सची दमछाक होऊ नये म्हणूनच केलेला आहे. पण रारोटोंगाहून बघा. होनोलुलू आणि रारोटोंगाचं घड्याळ अगदी एक, एका मिनिटाचा फरक नाही, पण अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या वर, सरळ विमानाला सहाएक तास. बाद. ऑकलंड-सिडनी बसतं नियमात, ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात गेल्यामुळे कॉन्फेडरेशनपण वेगळी, पण ऑस्ट्रेलिया कुक आयलंड्सशी फ्रेंडली कशाला खेळेल, त्यांना वर्ल्ड कपची तयारी करायची असते.

आणि खरी मेख इथेच आहे, समोरची टीम मिळणं. फ्रेंडली म्हणजे दोन देशांचं लग्न जमवण्यासारखं आहे, दोघांनाही फायदा दिसला पाहिजे. वरच्या रँकिंगवाल्याला खालच्याशी जिंकून पॉइंट अगदी चिमूटभर मिळतात आणि हरला तर धप्पकन आपटतो, मग तो हजारो किलोमीटर येईल कशाला. आणि विंडोच्या बाहेर खेळायचं ठरवलं, की दोन बेटांना जमेल तेव्हा, विमानं स्वस्त असतील तेव्हा खेळू, तर २०१८ पासूनच्या रँकिंगच्या सूत्रात विंडोबाहेरच्या फ्रेंडलीचं वजन ५ आणि विंडोतल्या फ्रेंडलीचं १०. वर्ल्ड कप क्वालिफायरचं, म्हणजे पात्रता फेरीच्या मॅचचं, २५. म्हणजे ज्याला विंडो परवडत नाही त्याच्या घामाची किंमत निम्मी. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. मोठ्या टीम्सनी भलत्या वेळी दुबळ्यांशी खेळून पॉइंट गोळा करू नयेत हा हेतू असेल तर ठीक, पण त्यात ही बेटं फुकट भरडली जातात.

ह्यावर ओशनियाने काढलेला उपाय म्हणजे सगळ्यांना एका गावात बोलवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी खेळवायचं. एकच तिकीट, तीन-चार मॅच. पैशाच्या दृष्टीने शंभर टक्के शहाणपणाचं. पण त्याचं दुसरं टोक म्हणजे ती जगप्रसिद्ध मॅच, ऑस्ट्रेलिया ३१ अमेरिकन सामोआ ०, एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर. सगळे स्कोअर सांगतात आणि हसतात, वेळापत्रक कोणी बघत नाही. ७ तारखेला फिजी, ९ ला सामोआ, ११ ला ऑस्ट्रेलिया, १४ ला टोंगा, आठ दिवसांत चार मॅच. आणि खेळणारे कोण, तर पासपोर्टच्या नियमामुळे नेहमीची टीम जवळपास आख्खी बाद झालेली, वीस वर्षांखालच्या पोरांपैकी बऱ्याच जणांची परीक्षा चालू, म्हणून हाताला लागतील ती पोरं. (ह्याच अमेरिकन सामोआने २०११ मध्ये टोंगाला २-१ ने हरवलं, आणि गोलकीपर तोच होता ज्याने ३१ खाल्ले होते. निकी सालापू. हे मला कुठेतरी लिहायचंच होतं.)

असे स्कोअर बरे दिसत नाहीत म्हणून मग दुबळ्या टीम्सना आधी आपापसात खेळवायची पद्धत रुळली. दयाच म्हणा ना. पण २०२६ च्या वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये ह्या दयेचं काय झालं बघा. सप्टेंबर २०२४, आपिया. चार टीम्स, नॉकआउट, एकूण तीन मॅच. कुक आयलंड्स पहिलीच मॅच टोंगाकडून हरले. संपलं! वर्ल्ड कपची मोहीम नव्वद मिनिटांची. दोन आठवडे रजा टाकून आलेली पोरं पुढच्या विमानाची वाट बघत बसली असणार, आणि ते विमानही बहुतेक ऑकलंडमार्गे.

त्याआधीच्या वेळची कथा तर ह्याहून वाईट. २०२२ च्या क्वालिफायरला कोव्हिडमुळे बेटांच्या सीमा बंद, म्हणून ओशनियाची आख्खी स्पर्धा उचलून नेली दोहाला. ऑकलंड ते दोहा सरळ विमान म्हटलं तरी सोळा-सतरा तास. टोंगाकडे जानेवारीत ज्वालामुखी फुटून त्सुनामी आलेली, ते आलेच नाहीत. सामोआ आणि अमेरिकन सामोआनेपण नाव मागे घेतलं. वानुआटूच्या टीममध्ये कोव्हिड घुसला, ते एकही मॅच न खेळता बाहेर. कुक आयलंड्स एक मॅच खेळले, सोलोमन आयलंड्सकडून २-० हरले, आणि मग त्यांच्याकडेही पॉझिटिव्ह निघाले, नाव मागे. आणि नियमाप्रमाणे ती खेळलेली एक मॅचसुद्धा रद्द धरली. म्हणजे अर्धं जग ओलांडून गेले, नव्वद मिनिटं पळले आणि रेकॉर्डमध्ये काहीच नाही. त्या गटात उरले ताहिती आणि सोलोमन, दोघंही सेमीफायनलला आधीच पोचलेले, त्यांनी पहिला कोण हे ठरवायला एक मॅच खेळली.

आता कोणी म्हणेल की हे सगळं छोट्यांचंच रडगाणं. न्यूझीलंड बघा मग, ओशनियात सगळ्यात श्रीमंत, प्लेअर युरोपात. नोव्हेंबर २०१९ नंतर त्यांची सिनियर टीम पुढची मॅच खेळली ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही बहरीनमध्ये, कुरासाओशी. जवळपास दोन वर्षं एक मॅच नाही. आणि न्यू कॅलेडोनियाने तिथे दंगली पेटल्या म्हणून जून २०२४ च्या ओशनिया नेशन्स कपमधून माघार घेतली. तीच टीम मार्च २०२५ मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कप क्वालिफायरची फायनल खेळत होती. ३-० हरले, पण तिथवर पोचले. तो नेशन्स कप होता वानुआटू आणि फिजीमध्ये, आणि त्याच्या महिनाभर आधी एअर वानुआटू दिवाळखोरीत जाऊन सगळी विमानं जमिनीवर आलेली. आयोजकांच्या फोनचं बिल बघायला आवडेल मला.

त्यातल्या त्यात एक बरं उदाहरण सांगतो, आपल्या ओळखीचं. जून २०२३ ला वानुआटू भारतात आली होती, भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेन्टल कपसाठी. भारत, लेबनॉन आणि मंगोलियाशी एकेक मॅच. आपण १-० जिंकलो, छेत्रीचा गोल, तेव्हा बऱ्याच जणांनी ही कुठली टीम म्हणून नाक मुरडलं होतं. मीपण त्यातलाच, खोटं कशाला बोलू. आता तेच वेळापत्रक बघतो तेव्हा वाटतं, एका प्रवासात तीन मॅच, तिन्ही आशियातल्या टीम्सशी, त्यांच्यासाठी ही लॉटरीच होती. २०२४ मध्ये फिफाने फिफा सिरीज सुरू केली तीही अशीच, एकेका ठिकाणी वेगवेगळ्या खंडांतल्या चार टीम्स. कोलंबोला श्रीलंका, भूतान, पापुआ न्यू गिनी आणि सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिक. असल्या गटात फुटबॉल कसं असेल ते असो, मला नुसती यादी वाचूनच गंमत वाटली.

तर माझं एक्सेल. रात्री जेवून परत बसलो, हट्टाने. जूनच्या विंडोत सगळ्यांना ऑकलंडलाच गोळा करायचं, म्हणजे निम्म्या पोरांचा प्रवास वाचतो, घरच्या मॅचचा हट्ट सोडायचा. तिथे सामोआशी एक फ्रेंडली, त्यांचेही बरेच प्लेअर न्यूझीलंडमध्येच असतात म्हणून ते हो म्हणतील असं गृहीत धरून. रविवार टाळला, कारण दुसऱ्या मॅचला टोंगा येऊ शकते, त्यांचा नियम त्यांच्या देशात असला तरी उगाच कशाला. सप्टेंबरच्या सोळा दिवसांत चार मॅचची जागा केली, तारखा टाकल्या, दोनदा वाररेषेने घोळ घातला तो निस्तरला. समोरच्या टीमचा कॉलम चारपैकी तीन ओळींत अजून रिकामाच आहे. चौथ्या ओळीत ऑकलंडचा एखादा क्लब असं लिहिलंय, त्याला रँकिंगचे पॉइंट शून्य.