फळीची जाडी धरायची राहिली

फिनलंडमधल्या ताम्पेरेला येऊन आम्हाला चार वर्षं होतील. घरच्यांचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘तिकडे परीक्षांचा धाक नाही म्हणतात, मग मुलं शिकतात तरी कशी?’ माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. आज ते नीट देते. त्यासाठी लेकीने पाचवीत केलेल्या लाकडी घरट्याची गोष्ट सांगायला हवी.

फिनलंडमध्ये ‘कॅसित्यो’, म्हणजे हस्तकाम, हा विषय पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना सक्तीचा आहे. सुतारकाम, धातूकाम, शिवण, विणकाम असं सगळं त्यात येतं आणि मुलगा-मुलगी असा भेद नाही. ही काही अलीकडची हौस नव्हे. ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहामुळे 1866च्या शाळा-अध्यादेशातच हस्तकाम आलं. मुलाला सुतार बनवणं हा त्याचा हेतू नव्हता. हात, नजर आणि विचार एकत्र चालायला शिकावेत म्हणून त्याला हा विषय हवा होता. ऑगस्ट 2016पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात आणखी एक गोष्ट आली : दर वर्षी निदान एक तरी प्रकल्प असा करायचा की त्यात अनेक विषय एकत्र यावेत. लेकीच्या वर्गाने पक्ष्यांसाठी घरटी करायचं ठरवलं.

पहिले दोन आठवडे लाकडाला कोणी हातही लावला नाही. आधी पक्षी कोणता ते ठरवायचं, कारण घरट्याच्या भोकाचं माप त्यावर ठरतं. ‘सिनितिआइनेन’ हा निळ्या टोपीचा इवलासा पक्षी 28 मिलिमीटरच्या भोकातून आत जातो. त्याचा थोराड भाऊ ‘तालितिआइनेन’ याला 32 लागतं. आतल्या बाजूने फळीला रंधा मारायचा नाही, कारण पिलं त्या खडबडीत लाकडाला नख्या रोवून वर चढतात. हे सगळं लेक मला रात्री जेवताना सांगायची. पुस्तकातला पक्षी तिने इतक्या जिव्हाळ्याने कधी सांगितला नव्हता.

पालकांना वर्गात बसायची मुभा होती, त्या सकाळी मी गेले. नेमकी तेव्हाच तिची चूक उघडी पडली. आतली जागा 120 मिलिमीटर हवी, म्हणून तिने पुढची फळी 120ची कापली होती. दोन्ही बाजूंच्या फळ्या प्रत्येकी 20 मिलिमीटर जाड, त्यांच्यावर ही बसवायची, म्हणजे हवी होती 160ची. तिने फळी लावून पाहिली, तर ती 40 मिलिमीटरने तोकडी. कापलेलं लाकूड काही वाढत नाही. तिचा चेहरा पडला. माझे हात शिवशिवत होते, ‘अगं, दुसरी फळी घे’ हे शब्द ओठांवर आले होते.

त्यांच्या ‘ओपे’, इथे मुलं बाईंना याच नावाने हाक मारतात, शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पाठीमागे. एवढंच म्हणाल्या, ‘तुला काय वाटतं?’ आणि गप्प राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो फार लांबला. लेक फळ्या उलटसुलट लावून बघत होती, काटकोन तपासायचा गुण्या धरत होती, पुसत होती, पुन्हा रेघ मारत होती. मग तिने ती तोकडी फळी बाजूच्या दोन फळ्यांच्या मध्ये, आत सरकवली. चपखल बसली! पण आता आतली पुढून मागपर्यंतची जागा 120वरून 100वर आली. तळाची फळी 20 मिलिमीटर कापावी लागली आणि घर लहान झालं म्हणून तिने पाहुणाही बदलला. तालितिआइनेनसाठी ठरवलेलं भोक 32चं न पाडता 28चं पाडलं.

प्रकल्पाच्या वहीत तिने दोन्ही आराखडे चिकटवले, चुकीचाही. खाली लिहिलं, ‘मी फळीची जाडी धरली नाही.’ मूल्यमापनात कल्पना, आराखडा, प्रत्यक्ष काम आणि स्वतःच्या कामाचं स्वतः केलेलं परीक्षण, या सगळ्याचा विचार होतो. त्यामुळे ती ओळ लपवायची तिला गरजच वाटली नाही. माझ्या मते खरा फायदा इथे आहे. वहीतल्या गणितावर लाल फुली पडली की मूल पान उलटतं. तोकडी फळी मात्र टेबलावर तशीच पडून राहते, तिच्याशी काहीतरी करावंच लागतं. आणि जे करायचं ते मुलाने स्वतः ठरवायचं.

याला वेळ लागतो, हे मान्य करायला हवं. एका घरट्याला जवळजवळ दोन महिने गेले. गटात काम असलं की एखादं मूल नुसतं बघत बसतं, त्याच्या हातात करवत देण्यासाठी शिक्षकाला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पाढेही पाठ करावेच लागतात, ते घरटं बांधून येत नाहीत. पण बेरजेत दोनदा 20 का मिळवायचे, हे आता माझ्या लेकीला कोणी शिकवायला नको.

यंदा त्यांचं शिवणकाम चालू आहे. शेजारच्या मशीनवर एक मुलगा एप्रन शिवतोय, ही पाठीवरची पिशवी. परवा कापड पसरून, तोंडात टाचण्या धरून ती खडूने रेघा मारत होती. मी डोकावले तशी वर न बघताच म्हणाली, ‘आई, या वेळी दोन्हीकडून शिवणीसाठी दीड-दीड सेंटिमीटर माया आधीच धरलीय.’