‘नमुना लहान आहे’

यंदा वर्गाला क्रिटिकल रिव्ह्यूसाठी, म्हणजे शोधनिबंधाचं चिकित्सक परीक्षण लिहायला, मी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८चा तो कुप्रसिद्ध पेपर दिला होता: बारा मुलं, त्यांच्या आतड्यांचे विकार, वर्तनातले बदल आणि या सगळ्याचा गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीशी सुचवलेला संबंध. जेमतेम पाच पानं. शब्दमर्यादा १५००, त्यात सारांश ३५०च्या आत. तरी निम्म्या वर्गाने सारांशातच हजार शब्द उडवले. ते नेहमीचंच. मी अडकले ती दोन उत्तरांपाशी.

पहिलं वाचायला झकास. पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, मुख्य लेखकाचं नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं, त्याआधी २००४ मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी पेपरमधल्या अर्थनिर्णयातून अंग काढून घेतलं होतं. सगळं खरं, सगळं सनावळीसकट. प्रत्यक्ष परीक्षण मात्र दोन वाक्यांत: ‘नमुना लहान आहे. नियंत्रण गट नाही.’ (म्हणजे रुग्ण थोडे, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही.) सहपरीक्षकांनी भरघोस गुण दिले, शेरा ‘माहितीपूर्ण’. माहितीला गुण द्यायची आपली खोड काही जात नाही.

‘नमुना लहान आहे’ हे वाक्य कुठल्याही पेपरवर डकवता येतं, म्हणूनच ते कुचकामी. लहान कशासाठी? एखादं नवं लक्षणचित्र नोंदवायला बारा रुग्ण चालतात. लशीमुळेच हे झालं, असं सिद्ध करायला चालत नाहीत, कारण लस बहुतेक मुलांना ठरावीक वयात दिली जाते आणि वर्तनातला फरकही साधारण त्याच सुमारास लक्षात येऊ लागतो. दोन्ही गोष्टी लागोपाठ घडलेली मुलं सापडणारच. लस न घेतलेल्यांत प्रमाण किती, हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. टीकेच्या परिच्छेदात एवढं तरी हवं: लेखकांचा दावा, त्याचा आधार, तो आधार कुठे तोकडा पडतो आणि त्यामुळे नेमका कोणता निष्कर्ष कोसळतो.

आणि ‘नियंत्रण गट नाही’ हे तर सरळ चूक. लघवीतल्या मिथाइलमॅलोनिक आम्ल या घटकाच्या प्रमाणाची तुलना त्याच वयाच्या निरोगी मुलांशी केलेली आहे, पी ०.००३ (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीन). म्हणजे तुलना आहे, पण लस या प्रश्नासाठी नाही. असं लिहिलं असतं तर मी उठून टाळी दिली असती.

दुसऱ्या उत्तराची भाषा अडखळती, शुद्धलेखनाचा आनंद. पण या पोराने आधी पद्धत आणि तक्ते वाचले, पेपरच्या सुरुवातीचा गोषवारा शेवटी, हे ओळीओळीतून कळतं. बारापैकी आठ मुलांच्या बाबतीत लशीशी संबंध जोडला तो पालकांनी किंवा मुलाच्या डॉक्टरांनी, हे त्याने तक्त्यातून उचललं. लस आणि पहिलं लक्षण यांतलं सरासरी ६.३ दिवसांचं अंतर याच आठांचं, म्हणजे तो दशांश उभा आहे तो आठवणींवर, हेही लिहिलं. मुलं आली कुठून? लहान मुलांच्या पोटविकारांच्या विभागातून. मग सगळ्यांना पोटाच्या तक्रारी असण्यात नवल काय? शेवटी लेखकांचंच वाक्य त्यांच्यासमोर धरलं: लशीशी संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही.

मी खूश होऊन वरच्या श्रेणीपर्यंत गेले होते, तेवढ्यात त्याचा एकमेव कौतुकाचा परिच्छेद आला. ‘रुग्ण सलग आलेले घेतले आहेत, निवडून नाहीत, ही या अभ्यासाची जमेची बाजू.’

पेपरमध्ये तसंच लिहिलंय. आणि पेपर मागे घेताना लॅन्सेटने जे दावे खोटे ठरल्याचं सांगितलं, त्यांत हा ‘सलग’चा दावा आहे. दुसरा नैतिक समितीच्या मंजुरीचा.

आता याचे गुण कापायचे का? बलस्थानंही लिहा, असं मीच सांगितलं होतं. अशा अभ्यासातले रुग्ण सलग घेतले असतील तर ती खरोखर जमेची बाजू. पानावरच्या मजकुरातून लबाडी पकडता येत नाही. तिथे तर्काची फट सापडते, खोटी नोंद नाही. पण समोरच्या प्रतीवर मागे घेतल्याचा शिक्का होता, आणि शिक्का दिसला की त्यामागची नोटीस काढून वाचायची, हे परीक्षणाचंच काम. निदान ‘लेखकांच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द हवे होते. मी ते समासात लिहिले, गुण कापले नाहीत. सहपरीक्षकांना हे पक्षपाती वाटतं. त्यांचं अगदीच चूक म्हणवत नाही.

मग पहिलं उत्तर पुन्हा काढलं. मागे घेतल्याची तारीख तीनदा आहे. ती नोटीस संदर्भयादीतही आहे. ‘सलग’ हा शब्द मात्र १५०० शब्दांत एकदाही नाही.