तुम्ही विचारलंत म्हणून: फिन्सेहून मी एकटी परत का आले

"तिला त्या बर्फात सोडून तू परत आलीसच कशी?" हा प्रश्न मला सगळ्यात आधी, नॉर्वेच्या ट्रेकला माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीच्या आईनं विचारला. काकू रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. "तू बरोबर होतीस म्हणून मी निश्चिंत होते गं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर ट्रेकच्या ग्रुपमध्ये, ऑफिसात, भावाच्या लग्नात, जिथे नॉर्वेचा विषय निघतो तिथे हाच प्रश्न येतो. काही जण उलटं विचारतात: "एवढे पैसे घालून गेलीस आणि जरा बर्फ दिसल्यावर माघारी फिरलीस?" एकाच दिवसाबद्दल मला निष्काळजी आणि भित्री दोन्ही ठरवलं जातं. दोन वर्षं मी समोरचा माणूस बघून उत्तर देत आले. काहींना सांगितलं, गुडघा दुखत होता. गुडघा दुखत नव्हता. हे आधी सांगून टाकते.

फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ऑस्लो आणि बर्गेनबद्दल लिहीत नाही. युरोपभर रेल्वेनं फिरायचे पास काढले होते: ती जर्मनीत राहते म्हणून तिचा इंटररेलचा, मी पुण्याहून गेले म्हणून माझा युरेलचा. गाड्या त्याच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तिनं होस्टेलच्या भिंतीवर स्कँडिनेव्हियाचा नकाशा लावला होता आणि ऑस्लो-बर्गेन रेल्वेवर पेन्सिलीनं रेघ ओढली होती. या प्रवासाची पहिली मालकी तिची होती. तिला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाहीये, पण हे ठाऊक नसेल तर पुढचं नीट कळणार नाही.

फिन्से हे त्या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, 1,222 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे आकड्यात फिन्से खालीच. पण कळसूबाईला आपण कारवीतून, घामानं निथळत चढतो. फिन्सेला झाड म्हणून नाही. समोर हार्दांगरयोकुलेनची हिमनदी, मध्ये तळं, आणि जुलैचा पहिला आठवडा असूनही तळ्याच्या कडेनं बर्फाचे पांढरे तुकडे. गावाला मोटाररस्ता नाही. 1909 साली ही रेल्वे पुरी झाली. आजही तिथे जायचं तर रेल्वेनं, सायकलनं नाहीतर पायी. आमचा बेत असा: फिन्सेहून उत्तरेला गाइतेरुगच्या हटपर्यंत (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) पहिला दिवस, पंधरा-सोळा किलोमीटर, मग हटमागून हट करत चौथ्या दिवशी आउरलांडच्या दरीतून खाली फ्योर्डवर, म्हणजे कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर.

हटमध्ये एक वही असते. नाव लिहायचं, कुठून आलात ते लिहायचं, आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं, म्हणजे कोणी पोचलं नाही तर कुठे शोधायचं ते कळतं. त्या सकाळी तिनं एकाच ओळीत दोघींची नावं लिहिली आणि पुढे "गाइतेरुग".

साडेआठला निघालो. वाट दगडांवर रंगवलेल्या लाल 'टी' अक्षरावरून आणि दगडांच्या लगोऱ्यांवरून ओळखायची. पहिले दोन तास छान गेले. मग चढ वाढला तसे 'टी' बर्फाखाली जायला लागले. बाराच्या सुमारास आम्ही एका घळीशी आलो. खाली ओढा, वर बर्फाचा सलग पांघरूण घातल्यासारखा पूल. मी काठी टोचली. पहिल्यांदा वीतभर गेली आणि अडली. दोन पावलं पुढे पुन्हा टोचली तर मुठीपर्यंत आत गेली, आणि त्या भोकातून पाण्याचा आवाज वर आला. काठी काढली तर भोकाच्या कडा निळ्या दिसत होत्या. मी तो निळा रंग फोटोंत पाहिला होता आणि सुंदर म्हणाले होते.

अर्ध्या तासापूर्वी साठीतलं एक नॉर्वेजियन जोडपं आमच्या पुढे गेलं होतं. त्यांच्या पावलांच्या खुणा घळीच्या बऱ्याच वरून, मोठा वळसा घालून पलीकडे गेलेल्या दिसत होत्या. ती म्हणाली, त्यांच्या पावलांवरून जाऊ. मी म्हणाले, "त्यांना बर्फ कळतो. आपल्याला कातळ कळतो." ती म्हणाली, "घाई कुठे आहे? रात्री अकरापर्यंत उजेड आहे. हळूहळू जाऊ."

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्यामुळेच मी अडकले. सह्याद्रीत माघारी कधी फिरायचं हे आपल्याला सूर्य सांगतो. चार वाजले, माथा आला नाही, तर उतरायला लागायचं. यावर वाद होत नाही. तिथे सूर्य काहीच सांगेना. दिवस संपतच नव्हता, त्यामुळे "आता पुरे" हे कोणीतरी माणसानं म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारी मी एकटीच होते.

पलीकडून त्या जोडप्यानं आम्हाला पाहिलं आणि हात हलवून वरची बाजू दाखवली. थांबूनही राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं.

इथे मी काय बोलले यावर आमचं आजतागायत एकमत नाही. मला आठवतं, मी म्हणाले, "तू जा हवं तर." तिला आठवतं, मी म्हणाले, "जा ना मग." तुम्ही मराठी बोलणारे आहात, या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मी सांगायला नको. पहिल्यात परवानगी आहे. दुसऱ्यात दार आपटलंय. मी कितीतरी रात्री तो क्षण पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. वारा होता, कानांवर टोपी होती. शब्द कोणतेही असोत, आवाज चढलेला होता, एवढं मला मान्य आहे.

ती गेली. वरच्या वळशानं, त्यांच्या पावलांत पाऊल टाकत. पलीकडे पोचल्यावर बाईनं तिची सॅक मागून धरून तिला वर घेतलं. तिघं चालायला लागली आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

मग मी फिरले. तुमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नाही की तू कशी उतरलीस. तिच्याबरोबर दोन माणसं होती, जन्म त्या डोंगरांत काढलेली. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. येताना जिथून सहज आलो होतो तिथे जाताना माझ्याच पावलांच्या खुणा उन्हानं पसरून अस्वलाच्या पंजाएवढ्या झाल्या होत्या. दोनदा लगोरी चुकले. अडीचला हटवर पोचले तेव्हा काउंटरवरच्या बाईनं वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आणि मैत्रीण?"

पहिल्यांदा काकूंनी विचारलं असं मी वर लिहिलं. खरं म्हणजे पहिल्यांदा हटवरच्या या बाईनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, पुढच्या हटला निरोप पाठवला, आणि मला सूप दिलं. नॉर्वेत डोंगरात जायचे नऊ नियम आहेत. 1967च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत बरीच माणसं दगावली, त्यानंतर रेड क्रॉसनं आणि तिथल्या ट्रेकिंग संघटनेनं ते घरोघरी पोचवले. आठवा नियम असा: वेळेत माघारी फिरा, फिरण्यात लाज नाही. बाई मला तोच म्हणाली, आधी नॉर्वेजियनमध्ये, मग इंग्रजीत. मला बरं वाटायला हवं होतं. पण तो नियम सगळ्यांनी मिळून फिरण्याबद्दल आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. आपल्याकडेही पहिला धडा तोच असतो: गटात जो सगळ्यात मागे, त्याच्या चालीनं गट चालतो. त्या दिवशी मागे मी होते, म्हणजे नियमानं तिनं माझ्याबरोबर फिरायला हवं होतं. मी हे वाक्य वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. मग एकदा लक्षात आलं की तो नियम मी तिला त्या घळीशी सांगितलाच नव्हता. "मला भीती वाटते, तूही चल," हे पाच शब्द मी उच्चारले नाहीत. बर्फाबद्दल बोलले, काठीबद्दल बोलले.

अडीच ते आठ मी खिडकीशी बसून होते. पाच वाजता ढग उतरले आणि हिमनदी दिसेनाशी झाली. बाहेर उजेड तसाच, घड्याळ बघितल्याशिवाय वेळ कळत नव्हती. मी वहीतल्या त्या ओळीत स्वतःचं नाव खोडायला पेन घेतलं आणि ठेवून दिलं. आठला बाई आली. तिघं पोचली होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडीनं मिरदालला आणि तिथून फ्लोमच्या गाडीनं खाली गेले. वीस किलोमीटरमध्ये 867 मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीला उतरणारी ती गाडी, वीस बोगदे, त्यांतले अठरा हातानं खोदलेले. धबधब्याशी गाडी थांबते, गाणं लागतं आणि खडकावर लाल झग्यातली बाई नाचते. ती त्यांच्या लोककथांतली हुल्द्रा, माणसांना डोंगरात ओढून नेणारी. सगळा डबा खाली उतरला. मी जागेवरून उठले नाही.

आउरलांडला मी तीन रात्री तंबूत काढल्या. चौथ्या दिवशी ती बसमधून उतरली. नाक सोललेलं, डोळे चमकत होते. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "तू असायला हवी होतीस." ती प्रेमानं म्हणाली होती. मी ते टोमणा म्हणून घेतलं, आणि पुढे दोन तास नॅरॉयफ्योर्डच्या बोटीवर, जिथे पाणी काही ठिकाणी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना कडे सरळ उभे आहेत, आम्ही एकमेकींचे फोटो काढले, बोललो नाही. ते फोटो तुम्हाला फार आवडले होते.

मी फिरले ते बरोबर होतं का? हो. ती काठी आज पुन्हा तशी आत गेली तर मी पुन्हा फिरेन. ती पोचली म्हणजे मी चुकले असं होत नाही, हे मी काकूंना सांगितलं. तिला जाऊ दिलं ते बरोबर होतं का? ती जाणतीसवरती बाई आहे, मी तिला बांधून ठेवणार नव्हते. असं मी म्हणते. आणि मग काकूंचं ते "निश्चिंत होते गं" आठवतं आणि माझं म्हणणं मलाच पुरत नाही.

आम्ही बोलतो. वाढदिवसाला फोन होतो, काकूंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला ती आली तेव्हा दोन दिवस माझ्याकडेच राहिली. डोंगरात मात्र एकत्र गेलो नाही. गेल्या महिन्यात तिनं एक नकाशा पाठवला: दोम्बोसपासून ओन्दाल्सनेसपर्यंतची राउमा रेल्वे, पेन्सिलीनं ओढलेली रेघ, खाली फक्त प्रश्नचिन्ह. मी दोनदा उत्तर लिहिलं. दोन्ही वेळा वाक्यात "हवं तर" आलं, म्हणून पुसून टाकलं.